वादकांच्या मागाने जावे: ब्रिटिश आणि आयरिश क्लॅरिनेट-संगीताचा शोध

प्रश्न असा आहे: ब्राम्स यांच्या दोन्ही सोनाटा (क्लॅरिनेट आणि पियानोच्या अनेक भागांच्या कृती) आणि जेराल्ड फिन्झी यांच्या पाच बॅगटेल्स (छोट्या रचना) वाजवून झाल्या आहेत, स्टॅनफर्ड हे नाव ऐकून माहीत आहे, तर ब्रिटन आणि आयर्लंडमधले त्याच उत्तर-रोमँटिक वळणाचे, पण सहसा कानावर न पडणारे क्लॅरिनेटचे संगीत शोधायचे कसे, आणि त्यातले कोणते मनापासून मेहनत करण्याच्या योग्यतेचे आहे?

हे वाद्य बरीच वर्षे वाजवत आणि शिकवत आल्यावर माझे मत असे झाले आहे की, या संगीताचा शोध संगीतकारांच्या नावाने घेऊ नये, वादकांच्या नावाने घ्यावा. पियानो किंवा व्हायोलिनसाठी लिहिणारे संगीतकार आयुष्यभर त्या वाद्याकडे परत परत वळतात. क्लॅरिनेटचे तसे नाही. त्या काळातल्या बहुतेक ब्रिटिश संगीतकारांनी क्लॅरिनेटला केंद्रस्थानी ठेवून एखादी, फार तर दोन-तीन कृती लिहिल्या, आणि पुष्कळदा त्या एखादा विशिष्ट वादक समोर होता म्हणून लिहिल्या. संगीतकाराच्या नावाने शोध घेतला तर सिम्फनी, चर्चसंगीत आणि गाणी यांच्या ढिगाऱ्यात ती एक कृती दडून राहते. वादक धरला की त्याच्याभोवती लिहिलेले सगळे एकत्र हाती लागते.

आपल्या परिचयाच्या बॅगटेल्सपासूनच सुरुवात करू. जानेवारी १९४३ मध्ये, युद्ध चालू असताना, लंडनच्या नॅशनल गॅलरीत दुपारच्या मैफली होत असत. तिथे या रचना पॉलिन ज्यूलर यांनी पहिल्यांदा वाजवल्या आणि पियानोवर हॉवर्ड फर्ग्युसन होते. ही दोन नावे टिपून ठेवावीत. ज्यूलर यांच्यासाठी त्याच वर्षी यॉर्क बोवेन यांनी एफ मायनरमधली सोनाटा, ओपस (कृती-क्रमांक) १०९, लिहिली. बोवेन स्वतः मोठे पियानोवादक होते, आणि तोपर्यंत पूर्ण जुनी ठरलेली भरघोस रोमँटिक शैली त्यांनी हट्टाने सोडली नव्हती, त्यामुळे ही सोनाटा तिच्या सालापेक्षा तीस वर्षांनी वडील वाटते. क्लॅरिनेटवादकाला ती हाताखाली बसते. पियानोवादकाचा मात्र घाम काढते. बोवेन यांचीच आणखी एक कृती फारच थोड्यांना ठाऊक असते: बास क्लॅरिनेट आणि तंतुवाद्यांची चौकडी यांच्यासाठी १९३२ मध्ये लिहिलेले फँटसी क्विंटेट (पाच वाद्यांची कृती), ओपस ९३. बास क्लॅरिनेटला ऑर्केस्ट्रात मागच्या रांगेत बसवण्याची सवय असलेल्या कानांना हा खोल, मऊ, गाता आवाज चौकडीच्या मधोमध ऐकताना नवल वाटते.

दुसरे नाव फर्ग्युसन यांचे. ते १९०८ मध्ये बेलफास्टला जन्मले, आणि त्यांच्या चार लघुरचना, ओपस ६, क्लॅरिनेट किंवा व्हायोला (व्हायोलिनपेक्षा मोठे, खोल आवाजाचे तंतुवाद्य) आणि पियानो यांच्यासाठी आहेत. चारही मिळून दहा मिनिटांच्या आत संपतात, पण त्यांत एकही स्वर भरतीचा नाही. मैफलीत दोन मोठ्या कृतींच्या मध्ये ठेवायला याहून चांगले काही मला तरी सापडलेले नाही. ‘किंवा व्हायोला’ हे शब्दही लक्षात ठेवावेत. या काळातले पुष्कळ क्लॅरिनेट-संगीत प्रकाशकांनी खप वाढावा म्हणून व्हायोला किंवा व्हायोलिनच्या पर्यायासह छापले, त्यामुळे ग्रंथालयांच्या याद्यांत ते अनेकदा त्या वाद्यांखाली नोंदलेले असते.

ज्यूलर यांच्याच काळातले, पण अधिक वजनदार नाव फ्रेडरिक थर्स्टन यांचे (१९०१–१९५३). बी.बी.सी. सिम्फनी ऑर्केस्ट्रा १९३० मध्ये उभा राहिला तेव्हापासून १९४६ पर्यंत ते तिथले प्रमुख क्लॅरिनेटवादक होते. जॉन आयर्लंड यांची १९४३ ची फँटसी-सोनाटा त्यांना अर्पण केलेली आहे, हर्बर्ट हॉवेल्स यांची १९४६ ची सोनाटा त्यांच्यासाठी आहे, आणि फिन्झी यांचा कन्चेर्टो (एक वाद्य आणि वाद्यवृंद यांची कृती) १९४९ मध्ये हेरफर्डला त्यांनीच पहिल्यांदा वाजवला. आयर्लंड यांची कृती सलग एकाच भागाची आहे. तिच्यात चढत जाणारा आवेश असा आहे की मध्ये दम घ्यायला जागा शोधावी लागते. ती थोडी परिचित झाली आहे, तरी आपल्याकडे क्वचितच ऐकू येते. हॉवेल्स यांची सोनाटा मला त्यांच्या १९१९ च्या ऱ्हॅप्सोडिक क्विंटेटइतकी कधी भिडली नाही. ते क्विंटेट एकाच भागाचे, साधारण बारा मिनिटांचे आहे, आणि त्यातला शेवटचा शांत उतार ज्याने एकदा ऐकला त्याला दोन्हींची तुलना करावीशी वाटणार नाही.

अर्नल्ड बॅक्स यांची १९३४ ची सोनाटाही थर्स्टन यांनी पियानोवादक हॅरिएट कोहेन यांच्यासोबत सुरुवातीला वाजवली, पण तिचे अर्पण वेगळ्याच माणसाला आहे. ह्यू प्र्यू हे पेशाने रसायनतज्ज्ञ, हौशी क्लॅरिनेटवादक आणि बॅक्स यांचे क्रिकेटमधले सोबती होते. बॅक्स जन्माने इंग्रज, पण मनाने पुरते आयरिश: डॉनगलच्या किनाऱ्यावरच्या ग्लेनकोलमकिल गावात ते वारंवार जाऊन राहिले, डर्मट ओ’बर्न या आयरिश टोपणनावाने त्यांनी कथा-कविता लिहिल्या, आणि १९५३ मध्ये त्यांना मृत्यूही कॉर्कमध्येच आला. सोनाटाला दोनच भाग आहेत. पहिल्या भागाची सुरुवातीची दीर्घ सुरावट क्लॅरिनेटसाठी या देशांत लिहिल्या गेलेल्या सर्वांत सुंदर सुरावटींपैकी आहे असे मी बिनदिक्कत म्हणेन. दुसरा भाग त्या मानाने हलका आहे.

थर्स्टन हे चार्ल्स ड्रेपर यांचे शिष्य, ड्रेपर (१८६९–१९५२) हे हेन्री लॅझरस यांचे, आणि थर्स्टन यांच्या शिष्या व पुढे पत्नी झालेल्या थिया किंग (१९२५–२००७) यांनी यातले बरेचसे संगीत ध्वनिमुद्रित केले. म्हणजे आपल्याकडे घराण्याची गुरुपरंपरा सांगावी तशी ही चार पिढ्यांची परंपरा सलग सांगता येते, आणि या उत्तरातल्या बहुतेक कृती तिच्या आजूबाजूलाच वाढलेल्या आहेत.

ड्रेपर यांच्यापाशी आलो की चार्ल्स व्हिलियर्स स्टॅनफर्ड यांच्यापाशी आलोच. डब्लिनमध्ये १८५२ साली जन्मलेले, लाइपझिग आणि बर्लिनला शिकलेले आणि १८८३ पासून लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये रचना शिकवणारे स्टॅनफर्ड हे या साऱ्या विषयाचे केंद्र आहेत. त्यांनी क्लॅरिनेटकडे बाकीच्यांसारखे एकदाच पाहिले नाही. केंब्रिजमध्ये असताना, १८७९ मध्ये, त्यांनी तीन इंटरमेझो, ओपस १३, लिहिले. ते फ्रान्सिस गॅल्पिन या विद्यार्थ्यासाठी होते, जे पुढे जुन्या वाद्यांचे मोठे अभ्यासक म्हणून नावाजले गेले. ब्राम्स यांनी क्लॅरिनेटसाठी खास लिहायला घेण्याच्या बारा वर्षे आधीचे हे संगीत आहे, त्यामुळे ‘स्टॅनफर्ड म्हणजे ब्राम्सची नक्कल’ हा शेरा ऐकला की मी पहिल्यांदा हे साल सांगतो.

१९०२ चा ए मायनरमधला कन्चेर्टो, ओपस ८०, ही दुर्दैवी कृती. तो स्टॅनफर्ड यांनी रिखार्ड म्युलफेल्ड यांना, म्हणजे ज्यांच्यासाठी ब्राम्स यांनी लिहिले त्या जर्मनीतल्या माइनिंगनच्या वादकांना, डोळ्यांसमोर ठेवून लिहिला. म्युलफेल्ड यांनी तो वाजवला नाही, आणि हस्तलिखितावरचे अर्पण खोडले गेले. १९०३ मध्ये बोर्नमथला तो ड्रेपर यांनी वाजवला. स्टॅनफर्ड यांच्या हयातीत तो छापला गेला नाही, आणि छापील स्वरलिपी नसलेला कन्चेर्टो कोण शिकणार? १९८० मध्ये थिया किंग यांचे ध्वनिमुद्रण आले, त्यानंतर जेनेट हिल्टन आणि रॉबर्ट प्लेन यांची आली, आणि मग तो मार्गी लागला. तीन भाग न थांबता एकमेकांत मिसळतात, सगळे मिळून वीस-एक मिनिटे. वाद्यवृंद कुठेही क्लॅरिनेटवर चढत नाही, आणि यातून स्टॅनफर्ड यांच्या हाताची सफाई दिसते.

१९११ ची सोनाटा, ओपस १२९, ही मात्र सगळ्यांनी वाजवायलाच हवी. ती ड्रेपर आणि ऑस्कर स्ट्रीट या हौशी वादकाला मिळून अर्पण केलेली आहे आणि १९१८ मध्ये छापली गेली. बाजूचे दोन भाग नेटके, मोकळे आणि प्रसन्न आहेत. खरी कृती मधल्या भागात आहे. त्याला स्टॅनफर्ड यांनी आयरिश शोकगानाचे, ‘कीन’चे, नाव दिले. आयर्लंडच्या खेड्यांत मृतदेहाशेजारी बसून स्त्रिया जो विलाप गात असत, तो हा प्रकार. पियानो सुटे सुटे, हार्पसारखे पसरलेले स्वरसमूह देतो आणि त्यावर क्लॅरिनेट मुक्तपणे बोलू लागते: एक स्वर धरून ठेवायचा, मग त्याच्याभोवती जलद स्वरांची वेटोळी, आणि मग खाली घसरणारा हुंदका. शीर्षकाखाली ‘कल्पनाविहारासारखे’ अशा अर्थाची सूचना आहे, म्हणून पुष्कळ विद्यार्थी पहिल्या दिवसापासून लय सैल सोडतात आणि सगळे विस्कटते. मी आधी ते मेट्रोनोमवर, निम्म्या गतीत, एकेक मात्रा मोजून घ्यायला लावतो. जलद स्वर लिहिले आहेत तितक्याच मात्रेत बसू लागले की मग कुठला स्वर लांबवायचा आणि कुठला सोडायचा हे हात आपोआप सांगतो. आणखी एक: वेटोळ्यांतले स्वर तान म्हणून चमकवायचे नाहीत. गळा दाटून आलेल्या माणसाचा आवाज जसा हलतो तसे ते हलले पाहिजेत, त्यामुळे जीभ जवळजवळ वापरायचीच नाही. रीडही (ओठांत धरायची वेताची पातळ पट्टी) या भागासाठी किंचित मऊ निवडावे; कडक रीडवर खालच्या सप्तकातला क्षीण आवाज फुटत नाही, हवाच ऐकू येते.

सत्तरीच्या उंबरठ्यावर, १९२१ आणि १९२२ मध्ये, स्टॅनफर्ड यांनी क्लॅरिनेट आणि तंतुवाद्य-चौकडीसाठी दोन फँटसी लिहिल्या. त्या कितीतरी दशके अप्रकाशित होत्या. त्या थोर आहेत असे मी म्हणणार नाही, पण चार सहकारी तंतुवाद्य वाजवणारे असतील तर एका संध्याकाळसाठी उत्तम.

स्टॅनफर्ड यांच्या स्वतःच्या कृतींइतकाच त्यांचा वर्ग महत्त्वाचा. मार्च १८९२ मध्ये म्युलफेल्ड लंडनला आले आणि ब्राम्स यांचे क्विंटेट तिथे पहिल्यांदा ऐकले गेले. पुढे ती कृती वर्गात चर्चेला निघाली असताना स्टॅनफर्ड म्हणाले की, आता ब्राम्स यांची छाया पडू न देता क्लॅरिनेट क्विंटेट लिहिणे कोणालाच शक्य नाही. सॅम्युएल कोलरिज-टेलर या विद्यार्थ्याने ते आव्हान उचलले आणि १८९५ मध्ये, वयाची विशी गाठण्याआधी, एफ शार्प मायनरमधले क्विंटेट, ओपस १०, लिहून आणून दिले. वडील सिएरा लिओनचे, आई इंग्रज, बालपण क्रॉयडनमध्ये: या मुलाने ब्राम्स नव्हे तर ड्वोर्झाक डोळ्यांपुढे ठेवला, आणि गुरूंनाही मान्य करावे लागले की त्याने ते साधले आहे. स्टॅनफर्ड यांनी ते व्हायोलिनवादक जोआखिम यांच्यापर्यंत पोहोचवले. पुढे कोलरिज-टेलर यांचे नाव एका मोठ्या समूहगानामुळे घरोघर झाले आणि हे क्विंटेट मागे पडले, ते जवळजवळ पाऊण शतक.

हे क्विंटेट वाजवायचे तर ए क्लॅरिनेट (नेहमीच्या बी-फ्लॅट वाद्यापेक्षा अर्ध्या स्वराने खालचे) लागते, आणि इथे तडजोड करू नये. ए वाद्यावर एफ शार्प मायनर हा लिहिलेल्या ए मायनरसारखा, म्हणजे एकही शार्प-फ्लॅट नसलेला येतो. तेच नेहमीच्या बी-फ्लॅट वाद्यावर वाजवायला गेलात तर जी शार्प मायनर समोर येतो, पाच शार्पचा, आणि करंगळ्यांची जी कसरत सुरू होते तिच्यात संगीत हरवते. स्केर्झोमध्ये, म्हणजे चपळ भागात, तीन मात्रांचे आणि नऊ उपमात्रांचे गणित एकमेकांवर चढवलेले आहे. क्लॅरिनेट एका हिशेबात असते तेव्हा चौकडीतले कोणी तरी दुसऱ्या हिशेबात असते. पाचही जणांनी आपापले सूर बाजूला ठेवून फक्त टाळ्या वाजवून तो भाग एकदा काढावा, अर्धी तालीम वाचते. त्यातला मंद भाग मात्र काही न सांगता समजतो.

त्याच वर्गात जॉन आयर्लंडही होते. तरुणपणी म्युलफेल्ड यांना ऐकून त्यांनी १८९८ मध्ये क्लॅरिनेट, हॉर्न आणि तंतुवाद्य-चौकडीसाठी सेक्स्टेट लिहिले. शेवटचा भाग स्टॅनफर्ड यांना पसंत पडला नाही, आणि आयर्लंड यांनी ते बासनात गुंडाळले ते थेट १९६० पर्यंत. थॉमस डनहिल यांनी त्याच १८९८ मध्ये क्लॅरिनेट, हॉर्न, व्हायोलिन, चेलो आणि पियानो असे विचित्र पंचक जमवून ओपस ३ लिहिले. त्यांचा १९४१ चा फँटसी सूट ब्रिटिश परीक्षा मंडळांच्या अभ्यासक्रमांत येत आल्याने मुंबई, पुणे आणि गोव्यातल्या काही विद्यार्थ्यांच्या परिचयाचा असतो. आणि विल्यम हर्लस्टन. दम्याने १९०६ मध्ये, अवघ्या तिसाव्या वर्षी ते गेले. त्यांच्या ‘चार स्वभावचित्रे’ या संचातली दुसरी रचना, अंगाईच्या वळणाचे ‘क्रून साँग’, एवढ्या थोड्या स्वरांत एवढे सांगते की नवख्या विद्यार्थ्यालाही पहिल्याच आठवड्यात आपण संगीत वाजवतो आहोत असे वाटते. पहिली बॅलड आणि चौथे स्केर्झो मात्र नवख्याचे काम नाही.

या सगळ्यांत ‘फँटसी’ हा शब्द इतक्यांदा का येतो, असे वाटले असेल. वॉल्टर विल्सन कॉबेट हे व्यापारी आणि हौशी व्हायोलिनवादक होते. जुन्या इंग्लिश फँटसीच्या धर्तीवर एकाच सलग भागाच्या चेंबर-कृती लिहिल्या जाव्यात म्हणून त्यांनी १९०५ मध्ये स्पर्धा सुरू केली, आणि पहिले बक्षीस हर्लस्टन यांच्याच तंतुवाद्य-चौकडीला मिळाले. हा साचा पुढे चाळीस वर्षे टिकला. शोध घेताना ‘फँटसी’ हा शब्द इंग्रजीत त्यांच्या जुन्या पद्धतीने, ‘पी’ आणि ‘एच’ने सुरू करून लिहिला तर निकाल लगेच वाढतात.

लॅझरस यांच्या (१८१५–१८९५) काळात मागे गेलात तर अपेक्षा थोड्या खाली आणाव्यात. ॲलिस मेरी स्मिथ यांची १८७० ची ए मेजरमधली सोनाटा त्यातल्या त्यात सर्वांत गोड. तिचा मंद भाग त्यांनी पुढे वाद्यवृंदासाठीही बसवला. बर्मिंगहॅमच्या चार्ल्स स्विनर्टन हीप यांची १८७९ ची सोनाटा चांगली रुंद आहे, पण तिच्यावर शुमान यांची सावली स्पष्ट आहे. एबेनेझर प्राउट यांनी सुसंवादशास्त्राची पाठ्यपुस्तके लिहिली आणि त्यांची सोनाटाही त्या पुस्तकांसारखीच निर्दोष आहे. रिचर्ड वॉल्थ्यू यांचा १८९७ चा क्लॅरिनेट, व्हायोलिन आणि पियानोचा ट्रायो, आर्थर सॉमरव्हेल यांचे क्विंटेट आणि आयर्लंडमधल्या आर्माचे चार्ल्स वुड यांचे १८९१ चे सुषिरवाद्य-पंचक ही तीनही एकदा वाचून पाहण्यासारखी आहेत. जोसेफ होलब्रूक यांच्या बाबतीत सावध राहावे: ते जुन्या कृतींना नवी नावे आणि नवे क्रमांक देत असत, त्यामुळे दोनदा पैसे मोजून एकच संगीत घरी येण्याची शक्यता असते.

स्वरलिपीचे म्हणाल तर स्टॅनफर्ड, हर्लस्टन, कोलरिज-टेलर, हीप, प्राउट यांच्या जुन्या छापील आवृत्त्यांवर आता हक्क उरलेला नाही आणि त्यांपैकी कित्येक आय.एम.एस.एल.पी. या स्वरलिपींच्या संकेतस्थळावर मिळतात. भारतात हक्काची मुदत मृत्यूनंतर साठ वर्षे आहे, ब्रिटनमध्ये सत्तर. म्हणून फिन्झी (मृत्यू १९५६) आणि आयर्लंड (मृत्यू १९६२) यांच्या बाबतीत दोन्ही देशांतली स्थिती वेगळी आहे. हस्तलिखितावरून नव्याने संपादित केलेली आवृत्ती असेल तर तिचा हक्क वेगळा असतो. ती विकतच घ्यावी, कारण एवीतेवी तिच्यातल्या दुरुस्त्याच कामाच्या असतात. स्कॅन उतरवून घेताना क्लॅरिनेटचा सुटा भाग सोबत आहे ना, हे आधी पाहावे.

वाद्याबद्दल एक इशारा इथल्या वाचकांसाठी आवश्यक आहे. ब्रिटिश लष्करी बँड १९२० च्या दशकाच्या अखेरपर्यंत उंच पट्टीत, ए स्वर सेकंदाला सुमारे ४५२ कंपनांचा धरून, वाजत असत. त्या काळची लाकडी वाद्ये जुन्या बाजारात आढळतात, अंगावर ‘एच.पी.’ (‘हाय पिच’, म्हणजे उंच पट्टी) असा ठसा असतो. दिसायला देखणी, लाकूड उत्तम, पण आजच्या ४४० च्या पियानोशी ती कधीही जुळत नाहीत. मुखाजवळचा बॅरल कितीही बाहेर ओढला तरी मधले स्वर एकमेकांशी फटकून राहतात.

तुमची तयारी पाहता मी हर्लस्टन यांच्या चारही रचना आणि फर्ग्युसन यांच्या लघुरचना लगेच हाती घ्यायला सांगेन, आणि त्यांच्याबरोबर थिया किंग व क्लिफर्ड बेन्सन यांचे ध्वनिमुद्रण ऐकावे. बॅक्स त्यानंतर. कोलरिज-टेलर चौकडी आणि ए क्लॅरिनेट जमेल तेव्हा. स्टॅनफर्ड यांची सोनाटा मात्र पियानोवादक नक्की ठरल्याशिवाय सुरू करू नये: मधल्या भागात दोघांनी एकत्र श्वास घ्यावा लागतो, आणि तो ध्वनिमुद्रित साथीबरोबर घेता येत नाही.